पान आणि फळ : लिट्सिया क्युबेबा तेलाचा इतिहास आणि ईशान्य भारतातील मेजांकरी वृक्ष

गोषवारा
लिट्सिया क्युबेबा या लॉरेल कुळातील वृक्षाच्या फळांपासून लिंबासारख्या वासाचे सुगंधी तेल काढले जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चीन हा या तेलाचा प्रमुख उत्पादक ठरला. हाच वृक्ष आसाममध्ये 'मेजांकरी' या नावाने रेशमाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. एकाच वृक्षाचे चीनमध्ये फळ आणि भारतात पान का मोलाचे ठरले, या प्रश्नाचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. वनस्पतीचे आर्थिक भवितव्य तिच्या गुणधर्मांइतकेच तिची नोंद कोणी आणि कोणत्या गरजेतून केली यावर ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : लिट्सिया क्युबेबा, मेजांकरी, सिट्राल, गवती चहा, मुगा रेशीम, झूम शेती

प्रस्तावना

मसाल्यांचा इतिहास मराठी वाचकाला बऱ्यापैकी परिचित आहे. मिरी, दालचिनी, लवंग यांच्यासाठी झालेल्या सागरी स्पर्धेवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने सुगंधी तेलांचा इतिहास उपेक्षित राहिला. याचे एक कारण असे की, ही तेले ग्राहकाच्या हाती त्यांच्या स्वतःच्या नावाने क्वचितच येतात. साबणाच्या वडीत, सरबताच्या बाटलीत किंवा औषधाच्या गोळीत ती विरून गेलेली असतात. लिट्सिया क्युबेबाचे तेल हे याचे उत्तम उदाहरण होय. ज्या वस्तूंवर 'लिंबाचा सुगंध' असे छापलेले असते त्यांपैकी कित्येकींत लिंबाचा अंशही नसतो. तो सुगंध डोंगरउतारावरच्या एखाद्या वृक्षाच्या मिरीएवढ्या फळातून आलेला असू शकतो.

हा वृक्ष मध्यम वा लहान उंचीचा, पानगळीचा असून पूर्व हिमालय, ईशान्य भारत, म्यानमार, दक्षिण चीन, तैवान, व्हिएतनाम आणि इंडोनेशियाच्या काही बेटांवर आढळतो. नर आणि मादी झाडे वेगवेगळी असल्याने फळे केवळ मादी झाडांनाच लागतात. फळ गोल, हिरवे, आकाराने मिरीसारखे आणि पिकल्यावर काळे होते. त्याच्या सालीत सुगंधी तेल असते; बीमध्ये साबणासाठी उपयोगी पडणारे स्थिर तेल असते. पानांतही सुगंधी तेल असते, परंतु त्याची घडण वेगळी असून त्यात सिनिओल या घटकाचे प्राबल्य आढळते. फळाच्या तेलाचा मुख्य घटक सिट्राल असून त्याचे प्रमाण सामान्यतः साठ ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान असते. पान आणि फळ यांच्यातील हा भेद रसायनशास्त्रापुरता मर्यादित नाही. या वृक्षाच्या दोन इतिहासांची ती विभागणी आहे.

नावाचा गोंधळ आणि पर्यायाची भूमिका

या वृक्षाचे शास्त्रीय नाव एका दुसऱ्याच वनस्पतीवरून आले आहे. मराठीत ज्याला कंकोळ किंवा कबाबचिनी म्हणतात ते पायपर क्युबेबा या वेलीचे फळ असून ती वेल मिरीच्या कुळातील आहे. मूळ अरबी शब्द 'कबाबा'. जावा बेटातून निघणारा हा माल मध्ययुगात भारत, अरबस्तान, युरोप आणि चीन या चारही दिशांना जात असे. १२२५ मध्ये चीनमधील चाओ रुग्वा या सीमाशुल्क अधिकाऱ्याने परदेशी व्यापाराविषयी लिहिलेल्या ग्रंथात जावाच्या मालात कंकोळाची नोंद केली आहे. गोव्यात १५६३ साली छापल्या गेलेल्या गार्सिया द ऑर्ता याच्या प्रसिद्ध संवादग्रंथातही कंकोळावर स्वतंत्र संवाद आहे.

कंकोळ आयात करावे लागे आणि म्हणून ते महाग असे. दक्षिण चीनच्या डोंगरांत मात्र त्याच्यासारखीच दिसणारी, तिखट आणि सुगंधी फळे देणारा एक वृक्ष मुबलक होता. चिनी वैद्यकात 'बि-चेंग-छिए' हे नाव मुळात आयात कंकोळाचे. पुढे त्या नावाखाली या देशी वृक्षाचे फळ वापरले जाऊ लागले. आज चीनच्या अधिकृत औषधिकोशात या नावाचा अर्थ लिट्सिया क्युबेबाचे वाळलेले पक्व फळ असाच आहे. परदेशी मालाची जागा देशी पर्यायाने घेतली आणि कालांतराने तिचे नावही घेतले, अशी ही घटना आहे.

युरोपीय वनस्पतिशास्त्रानेही हाच धागा उचलला. ज्वाव द लौरैरो हा पोर्तुगीज जेझुइट धर्मप्रचारक प्रथम गोव्यात आणि नंतर मकाव येथे राहून १७४२ मध्ये कोचिनचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या भागात गेला आणि तेथे त्याने तीन दशकांहून अधिक काळ घालवला. राजदरबारी गणितज्ञ आणि निसर्गतज्ञ म्हणून काम करताना त्याने तेथील वनस्पतींचा अभ्यास केला. १७९० मध्ये लिस्बन येथे प्रसिद्ध झालेल्या 'फ्लोरा कोचिनचिनेन्सिस' या ग्रंथात त्याने या वृक्षाचे 'लॉरस क्युबेबा' असे नामकरण केले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पर्सून या अभ्यासकाने तो लिट्सिया या प्रजातीत घातला. १८२० च्या दशकात जावामध्ये काम करणाऱ्या ब्लूम याने त्याच वृक्षाला 'लिट्सिया सिट्राटा' म्हटले. पहिल्या नावात फळाचे रूप नोंदले गेले, तर दुसऱ्यात त्याचा लिंबासारखा वास. नियमानुसार जुने नाव टिकले, आणि वासाची नोंद करणारे नाव मागे पडले.

स्थानिक भाषांनी मात्र वास विसरला नाही. मिझो भाषेत हा वृक्ष 'सेरनाम' म्हणून ओळखला जातो. या शब्दातील 'सेर' म्हणजे लिंबूवर्गीय फळ. नेपाळी भाषेत त्याच्या फळाला 'सिलटिमुर' म्हणतात. नेपाळी 'टिमुर' हे कोकणातल्या तिरफळाचे भाऊबंद असून, माशाच्या कालवणात तिरफळ घालणाऱ्या कोकणी घराला सिलटिमुराच्या लोणच्याची कल्पना करणे अवघड जाऊ नये. तैवानमधील अतायल लोक या फळाला 'माकाव' म्हणतात आणि त्याचा मसाला म्हणून वापर करतात. या सर्व समाजांत फळाला स्वतःचे नाव आणि स्वतःचा उपयोग होता. ते कोणाचा पर्याय नव्हते. व्यापाराच्या आणि शास्त्राच्या भाषेत प्रवेश करतानाच त्याच्या वाट्याला पर्यायाची भूमिका आली.

मेजांकरी : पानाचा इतिहास

ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात या वृक्षाची ख्याती वेगळ्या कारणाने झाली. आसामचे सोनेरी मुगा रेशीम सर्वपरिचित आहे. २००७ साली त्याला भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. मुग्याचा किडा प्रामुख्याने सोम आणि सोआलू या झाडांवर पोसला जातो. विदर्भात ऐनाच्या झाडावर टसराचा किडा वाढवतात, त्याच प्रकारचा हा व्यवसाय होय. मात्र मुग्याचाच किडा लिट्सिया क्युबेबाच्या पानांवर वाढवला, तर मिळणारा धागा सोनेरी न होता जवळजवळ पांढरा, सायीच्या रंगाचा होतो. या रेशमालाच 'मेजांकरी' म्हणत. ते मुग्याहून दुर्मीळ आणि महाग असून आहोम राजे व सरदार यांच्या वस्त्रांसाठी वापरले जाई.

या रेशमाचे विस्तृत वर्णन नौगाव येथील कंपनी सरकारचा अधिकारी टॉमस ह्यूगन याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८३७ साली केले. हे वर्ष लक्षात घेण्यासारखे आहे. १८२६ च्या यांदाबूच्या तहाने आसाम कंपनीच्या प्रभावाखाली आला होता. उत्तर आसामात १८३३ मध्ये पुरंदर सिंह या आहोम राजाला मांडलिक म्हणून गादीवर बसवण्यात आले होते आणि १८३८ मध्ये तो प्रदेशही खालसा झाला. म्हणजे ज्या दरबारासाठी मेजांकरी विणले जात होते, तो दरबार संपण्याच्या आदल्याच वर्षी त्याची इंग्रजी नोंद झाली. वसाहतकालीन नोंदींत एखादी वस्तू तिच्या अस्तकाळीच प्रथम दिसते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

एडवर्ड स्टॅक याचे आसामच्या रेशमावरील १८८४ चे टिपण आणि बी. सी. अ‍ॅलन याची १८९९ ची पुस्तिका यांतून या परंपरेचा मागोवा पुढे घेता येतो. एकोणिसाव्या शतकातील या वर्णनांतून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. सर्वांत शुभ्र धागा कोवळ्या झाडांच्या पानांवर मिळे. झाड जुने होत गेले की धागा साध्या मुग्याच्या जवळ येई. ही कोवळी झाडे जंगल साफ केलेल्या आणि पडीक टाकलेल्या जमिनीवर उगवत. जमीन मोकळी होताच जे वृक्ष प्रथम डोके वर काढतात त्यांपैकी हा एक आहे. दाट जंगलाच्या सावलीत त्याला वाव मिळत नाही. त्यामुळे मेजांकरी रेशीम हे राजाश्रयावर जितके अवलंबून होते तितकेच जमीन मोकळी करून काही काळाने पुन्हा पडीक टाकण्याच्या शेतीपद्धतीवरही अवलंबून होते.

हे दोन्ही आधार एकाच शतकात ढासळले. दरबार गेला आणि उंची वस्त्रांचा मुख्य ग्राहक गेला. १८३९ मध्ये आसाम कंपनीची स्थापना झाल्यानंतर चहामळ्यांनी जमिनीचा मोठा भाग कायमचा व्यापला. जी जमीन पूर्वी काही वर्षांसाठी मोकळी होऊन पुन्हा रानाला मिळत असे, ती आता कधीच रानाला परत मिळणार नव्हती. १८७३ च्या नियमनाने डोंगर आणि सखल प्रदेश यांच्यात 'इनर लाइन' आखली गेली. १८९१ च्या आसाम वनविनियमाने राखीव जंगलांची व्यवस्था दृढ केली. झूम, म्हणजे फिरती शेती, ही वसाहतकालीन वनखात्याच्या दृष्टीने उधळपट्टी होती. मात्र या वृक्षाला उगवण्यासाठी लागणारी मोकळी आणि काही काळ निर्धास्त सोडलेली जमीन झूमच निर्माण करीत होती. कुऱ्हाड आणि आग यांच्यामागून येणाऱ्या या वृक्षाला राखीव जंगल किंवा चहामळा यांपैकी कोणीही आपला मानणे शक्य नव्हते.

या सर्व नोंदींत झाडाचा विचार किड्याचे खाद्य म्हणूनच झालेला दिसतो. रेशीमतज्ञाने पान पाहिले. वनअधिकाऱ्याच्या दृष्टीने लहान खोडाच्या या झाडाला इमारती लाकूड म्हणून मोल नव्हते. फळ ही डोंगरी घरातील लोणच्या-चटणीची बाब असल्याने ते यांपैकी कोणत्याही खात्याच्या अखत्यारीत आले नाही.

सिट्राल : फळाचे मोल वाढवणारे रसायन

याच सुमारास युरोपातील रसायनशाळांत घडलेल्या काही घटनांनी लिंबाच्या वासाचा अर्थच बदलून टाकला. १८८८ मध्ये शिमेल या जर्मन कंपनीतील रसायनतज्ञांनी बॅकहाउसिया या ऑस्ट्रेलियन वृक्षाच्या तेलातून लिंबाच्या वासाचा घटक वेगळा करून त्यास 'सिट्राल' हे नाव दिले. हा घटक जिरेनिअल आणि नेरल या दोन समघटकांचे मिश्रण असतो. १८९३ मध्ये फर्डिनांड टीमान आणि पाउल क्र्यूगर यांनी सिट्राल व अ‍ॅसिटोन यांच्या संयोगातून 'आयोनोन' तयार केले. आयोनोनला व्हायोलेटच्या फुलांचा वास येतो. व्हायोलेटचे नैसर्गिक अत्तर अतिशय महाग असल्यामुळे या शोधाने अत्तर व्यवसायात क्रांती घडवली. लिंबाच्या वासाचे द्रव्य हे आता फुलाच्या वासाचा कच्चा माल बनले.

दुसरे वळण याहून महत्त्वाचे आहे. १९३१ मध्ये पाउल कॅरर याने अ जीवनसत्त्वाची रचना निश्चित केली. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधील हॉफमन-ला रोश कंपनीत ओटो इस्लर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बीटा-आयोनोनपासून अ जीवनसत्त्वाचे संश्लेषण साधले. तोवर हे जीवनसत्त्व मुख्यतः माशांच्या यकृताच्या तेलातून मिळत असे. आता सिट्रालपासून आयोनोन आणि आयोनोनपासून अ जीवनसत्त्व अशी साखळी तयार झाली. रातांधळेपणावरचे औषध आणि स्नानाच्या साबणाचा सुगंध यांचा उगम एकाच रेणूत येऊन मिळाला.

या साखळीसाठी लागणाऱ्या नैसर्गिक सिट्रालचा जगातील सर्वांत मोठा स्रोत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारत होता. मात्र तो ईशान्येत नव्हता. केरळच्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या गवती चहाच्या एका जातीपासून ऊर्ध्वपातनाने काढलेले तेल कोचीन बंदरातून निर्यात होत असे. आपल्याकडे परसात लावला जाणारा गवती चहा याच गटातील. १९५१ मध्ये केरळातील ओडक्काली येथे या गवतासाठी स्वतंत्र संशोधन केंद्र स्थापन झाले. पुढे मुंबईलगतच्या ठाण्यातील औषध कारखान्यांत या तेलापासून अ जीवनसत्त्व बनू लागले. वनस्पती तुपात अ जीवनसत्त्व मिसळणे भारतात बंधनकारक असल्याने या रसायनाचा अंश महाराष्ट्रातील सामान्य स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला.

चीनमधील मार्ग

चीनकडे गवती चहाच्या तेलाचा असा प्रस्थापित व्यापार नव्हता. त्याच्याकडे हुनान, हुबेई, जिआंग्सी, फूज्यान, ग्वांग्शी, ग्वेजो या प्रांतांतील डोंगर होते आणि त्या डोंगरांवर तोडलेल्या व जळालेल्या जंगलांच्या जागी आपोआप उगवणारा हा वृक्ष होता. फळ औषधिशास्त्रात आधीच नोंदलेले होते आणि ग्वेजो-हुबेईच्या स्वयंपाकात रुळलेले होते. १९४९ नंतर परराष्ट्र व्यापार राज्याच्या हाती आला आणि ग्रामीण उपज खरेदी-विक्री सहकारी संस्थांमार्फत गोळा होऊ लागली. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये, फळे हिरवी असतानाच तोडून गावाजवळच्या लहान भट्ट्यांत वाफेवर ऊर्ध्वपातित केली जात. असे थोडेथोडे निघालेले तेल पुढे एकत्र करून आवश्यक तेथे शुद्ध केले जाई. परकीय चलनाची निकड असलेल्या देशाला हा व्यवहार सोयीचा होता, कारण त्याला लागवडीचा खर्च जवळजवळ नव्हता. लागत होते ते हातांचे श्रम आणि हमखास खरेदीदार.

या तेलाने जागतिक बाजारात गवती चहाच्या तेलाची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९५ मध्ये वनस्पतिजन्य सुगंधांवर जे. जे. डब्ल्यू. कॉपन यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात लिट्सिया क्युबेबाच्या तेलाला स्वतंत्र प्रकरण असून, जागतिक व्यापारात ते जवळजवळ सर्वस्वी चीनमधून येते, असे चित्र त्यातून दिसते. २००० साली या तेलाच्या आंतरराष्ट्रीय मानकाची, आयएसओ ३२१४ची, सुधारित आवृत्ती निघाली. पाश्चात्त्य बाजारात आज हे तेल 'मे चांग' या नावानेही विकले जाते.

येथेही पर्यायाची भूमिका संपली नाही. प्रथम कंकोळाचा पर्याय ठरलेले फळ आता गवती चहाचा पर्याय ठरले, आणि लवकरच त्यालाही पर्याय आला. टर्पेंटाइन आणि पेट्रोरसायने यांपासून सिट्राल तयार करण्याच्या पद्धती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाल्या. २००४ मध्ये बीएएसएफ कंपनीने जर्मनीतील लुडविगशाफेन येथे वर्षाला ४०,००० टन क्षमतेचा सिट्राल कारखाना सुरू केला. एवढ्या प्रमाणापुढे कोणत्याही डोंगरातील फळे पुरी पडणे शक्य नव्हते. नैसर्गिक तेल मुख्यतः साबण, सौंदर्यप्रसाधने आणि खाद्यस्वाद यांच्याकडे वळले. केंद्रित उत्पादनाची दुसरी बाजू जुलै २०२४ मध्ये दिसली. लुडविगशाफेनच्या संकुलातील आगीनंतर अ आणि ई जीवनसत्त्वे व काही सुगंधी रसायने यांचा पुरवठा कंपनीला थांबवावा लागला आणि एका ठिकाणच्या अपघाताचा परिणाम साऱ्या जगाच्या बाजारावर झाला.

भारतात फळ उपेक्षित का राहिले?

एकच वृक्ष, जवळजवळ सलग असलेला डोंगराळ प्रदेश आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना फळ ओळखणारे समाज असताना, चीनमध्ये तेलाचा उद्योग उभा राहिला आणि भारतात राहिला नाही. याची तीन प्रचलित उत्तरे संभवतात. ती तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिले उत्तर अंतराचे. ईशान्य भारत बंदरांपासून दूर आहे हे खरे. परंतु त्याच प्रदेशातून चहा शतकभर लंडनला जात होता. चहाच्या पेटीच्या तुलनेत सुगंधी तेल कमी जागेत अधिक मोलाचे असते. तेव्हा केवळ अंतर हे कारण पुरेसे नाही. दुसरे उत्तर रसायनाचे. १९९० च्या दशकात आसाममधील झाडांच्या तेलांची पृथक्करणे प्रसिद्ध झाली. त्यांवरून सर्व ठिकाणच्या झाडांची रासायनिक घडण सारखी नसल्याचे दिसते. हे कारण विचारात घेण्याजोगे आहे; परंतु ते निर्णायक ठरत नाही. कारण पृथक्करणेच उशिरा झाली. ज्या काळात निर्णय व्हायला हवे होते त्या काळात प्रश्नच विचारला गेला नव्हता. तिसरे उत्तर स्थानिक लोकांच्या अनास्थेचे. सेरनाम आणि सिलटिमुर ही नावेच त्याचे खंडन करतात.

अधिक समाधानकारक उत्तर संस्थात्मक इतिहासात सापडते. भारताजवळ गवती चहाचे तेल होते. त्यामुळे सिट्रालचा नवा स्रोत शोधण्याची निकड नव्हती. ईशान्येत १९६१ मध्ये जोरहाट येथे प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. तिने सुगंधी वनस्पतींवर मोलाचे काम केले. मात्र तिच्या प्रयत्नांतून शेतकऱ्यांपर्यंत सर्वाधिक पोहोचली ती जावा सिट्रोनेला आणि गवती चहा ही गवते. यात आश्चर्य नाही. गवत शेतात लावता येते, वर्षातून अनेकदा कापता येते, त्याचे हेक्टरी उत्पन्न मोजता येते. झूमच्या पडीक जमिनीवर आपोआप उगवणारा, निम्मी झाडे फळच न देणारा आणि कोणाच्याही सातबाऱ्यावर न चढणारा वृक्ष नियोजनाच्या भाषेत बसत नव्हता. जोरहाट हे नगर तर आहोमांच्या अखेरच्या काळातील राजधानी, म्हणजे मेजांकरीच्या परंपरेचे केंद्रच. त्या भूमीत जावाचे गवत रुजले आणि तेथलाच वृक्ष रेशमाच्या जुन्या टिपणांत राहिला.

यावरून या लेखाचे मुख्य प्रतिपादन स्पष्ट व्हावे. वनस्पतीचा उपयोग तिच्या गुणांतून आपोआप प्रकट होत नाही. तिच्याकडे प्रथम कोणी आणि कशासाठी पाहिले, यावरून तिच्याविषयीचे पुढील प्रश्न ठरतात. चीनमध्ये फळ औषधाच्या ग्रंथात होते, म्हणून रसायनतज्ञापर्यंत फळ पोहोचले. आसाममध्ये पान रेशमाच्या टिपणांत होते, म्हणून पुढच्या पिढ्यांनी पानाचीच चौकशी केली. हा भेद बुद्धिमत्तेतून किंवा उद्यमशीलतेतून आलेला नाही. दप्तरांच्या रचनेतून आलेला आहे.

समारोप

या निष्कर्षाला आजच्या संदर्भात दोन बाजू आहेत. एकीकडे, उशिरा का होईना, या वृक्षाकडे नव्याने पाहिले जात आहे. २०२० मध्ये त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ईशान्य भारतात फळांचे तेल आणि मेजांकरी रेशीम या दोहोंविषयी अभ्यासकांना आस्था आहे. दुसरीकडे, चीनचे अनुकरण म्हणजेच विकास असे मानणे धोक्याचे ठरेल. फळांसाठी फांद्या तोडल्या गेल्या तर हे झाड टिकत नाही आणि एकट्या तेलाचा भाव कृत्रिम सिट्रालच्या भावाला बांधलेला राहतो. टक्केवारीने मोजल्या जाणाऱ्या मालाची जागा दुसरा माल केव्हाही घेऊ शकतो. कंकोळ, गवती चहा आणि लिट्सिया यांच्या साखळीने हे एकामागून एक दाखवून दिले आहे.

ज्याची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही, ते बाजाराच्या मानकात नोंदलेले नाही. शुभ्र मेजांकरी धागा याच पानावर मिळतो. सिलटिमुराच्या लोणच्याची चव याच फळात असते. तैवानमध्ये २००० नंतर 'माकाव' याच नावाने राष्ट्रीय उद्यानाची योजना पुढे आली, तेव्हा त्या जंगलांवर पिढ्यान्‌पिढ्या हक्क सांगणाऱ्या आदिवासी समाजांतून तिला विरोध झाला आणि योजना प्रत्यक्षात आली नाही. वृक्षाचे नाव घ्यायचे आणि नाव देणाऱ्यांना विचारायचे नाही, याला त्यांची हरकत होती. ईशान्य भारतातील कोणत्याही भावी प्रयत्नाने हा अनुभव लक्षात ठेवणे योग्य ठरेल. या वृक्षाचे ज्ञान झूमच्या पडीक जमिनीवर, रेशीम पाळणाऱ्या घरांत आणि डोंगरी स्वयंपाकघरांत टिकून राहिले. पान आणि फळ यांची एकत्रित नोंद करायची झाल्यास तिची सुरुवात तेथूनच करावी लागेल.